हिलालनानांच्या चोवीस शीटा

फाल्गुनातला पहिला रविवार, सकाळी साडेदहाची वेळ. रक्कम रुपये एक कोटी बत्तीस लाख. हजर: अनुदान देणाऱ्या धर्मादाय न्यासाच्या कुलकर्णी मॅडम, त्यांचे इंजिनियर, आमच्या होऊ घातलेल्या ज्येष्ठ नागरिक सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासद, संस्थेचा मानद खजिनदार म्हणून मी, आणि हिलालनाना. स्थळ जळगाव, आमच्या कॉलनीतल्या मारुती मंदिराचा मंडप.

मॅडमनी फाइल उघडली. सगळ्या सभासदांच्या करारावर सह्या झाल्या की एक कोटी बत्तीस लाखांचं मंजुरीपत्र मिळणार होतं. हार आले होते, पेढे आले होते, फोटोवाला मोक्याची जागा धरून उभा होता. तेवढ्यात नाना उठले. कानावरची पेन्सिल काढून मंडपाच्या मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत एकेका सभासदाच्या डोक्यावर ती रोखत गेले. मग पुढून मागे आले.

"तेवीस," ते म्हणाले. "एक शीट रिकामी शे."

"नाना, एक सही मागाहून घेऊ," मॅडम समजुतीनं म्हणाल्या. "मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. आज तेवीस घेऊन ठेवते."

"मग महिनाअखेरीच या, ताई. आधी गिनती, मंग गाडी."

पहाटे नाशिकहून निघून आलेल्या, एक कोटी बत्तीस लाख देऊ करणाऱ्या बाईंना हे ऐकवलं गेलं. मॅडम चहा घेऊन परत गेल्या. त्यांच्यासाठी आणलेले हार मारुतीला घातले. त्या दिवशी मारुतीचे फक्त डोळे दिसत होते.

हिलालनाना एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. जळगाव, पारोळा, धुळे आणि परत, हा त्यांचा रस्ता. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, वय बहात्तर, पण डोकी मोजल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट सुरू झाल्यासारखी वाटत नाही. लग्न असो, दहावा असो, गणपतीची आरती असो, नाना दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसतात आणि मोजतात. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात जेवणं उरकल्यावर त्यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेतलं. "आचारी चारशे बारा ताटांचे पैसे मागेल. ताटं बरोबर आहेत. पण माणसं चारशे नऊ. तिघं दोनदा बसले. नावं सांगू का?" मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "नाना, आज नको. तिघंही व्याही मंडळींतले आहेत."

त्यांच्या खांद्याला अजूनही ती कातडी पिशवी असते आणि पिशवीत तिकिटाला भोक पाडायचा पंच. तिकिटाची मशीन आली तेव्हा जुने पंच आगारात जमा करायचे होते. नानांनी रीतसर अर्ज केला, भंगाराच्या भावानं पंच विकत घेतला आणि पावती फ्रेम करून भिंतीवर लावली. तेव्हापासून जो कागद त्यांनी वाचून तपासला त्याला ते भोक पाडतात. माझ्या मुलीनं कौतुकानं दहावीची गुणपत्रिका दाखवायला नेली, तर नानांनी सगळ्या विषयांची बेरीज केली, बरोबर आली म्हणून समाधानानं मान हलवली आणि कोपऱ्यात पंच दाबला. कॉलेजात प्रवेश घेताना त्या भोकाबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला. न्यासाकडून आलेल्या पहिल्या पत्राचंही तेच झालं. त्याची प्रत आम्ही परत पाठवली तेव्हा मॅडमचा फोन आला, "तुमच्याकडे उंदीर फार आहेत का हो?"

मी एका डाळमिलमध्ये हिशेब लिहितो. पंचवीस वर्षं झाली. माणूस आकड्यांचा असला तर मला आवडतो, पण नानांचे आकडे वेगळे. मी क्विंटल आणि रुपये मोजतो, नाना माणसं मोजतात. संस्थेचा जन्मही त्यातूनच झाला.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की दुपारच्या धुळे गाडीला रोज दोन-तीन म्हातारे चढतात, अर्धं तिकीट काढतात, धुळ्याला उतरतात, स्टँडच्या बाकावर पाणी पितात आणि त्याच गाडीनं परत येतात. हातात पिशवी नाही, कुणाकडे काम नाही. एकदा नानांनी एका आजोबांना विचारलं, "बाबा, कोठे उतराचं?"

"जठे गाडी थांबी तठे," आजोबा म्हणाले.

घरात सुनेला दुपारी खोली मोकळी हवी असायची, म्हणून आजोबा गाडीत बसून यायचे. गाडीत खिडकी मिळते, वारा लागतो, शेजारी बसलेला माणूस दोन शब्द बोलतो. नानांनी त्या वर्षी अशा प्रवाशांची एका वहीत नोंद ठेवली. नाव, गाव, किती फेऱ्या. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी आले ते ही वही मला दाखवायलाच. "अनिल, एवढी माणसं माझ्या गाडीत राहतात. त्यांना घर पाहिजे."

मी म्हटलं, "वृद्धाश्रम काढायचाय का?"

"आश्रमात ठेवतात. ह्यांना ठेवायचं नाही. ह्यांनी राहायचं. ज्याचं त्याचं तिकीट, ज्याची त्याची शीट."

पुढची बारा वर्षं मी सांगत बसत नाही. कागद, चकरा, नकार, पुन्हा कागद. शेवटी जमलं ते असं: शहराबाहेरच्या जागेवर एका मजल्याची चोवीस घरं, एक खोली आणि स्वयंपाकघर, समोर सलग ओटा. जागेसकट दर घरी खर्च नऊ लाख. त्यातले साडेतीन लाख सभासदानं स्वतःचे भरायचे, उरलेले न्यास देणार. चोवीस घरांचे दोन कोटी सोळा लाख. सभासदांचे चौऱ्याऐंशी लाख, न्यासाचे एक कोटी बत्तीस लाख, तीन हप्त्यांत. मी हे आकडे इतक्या वेळा तपासले आहेत की झोपेतही चुकणार नाहीत.

न्यासाची अट एकच आणि शहाणपणाची. सभासद गेला की घर संस्थेकडे परत येईल. त्याच्या वारसाला भरलेले साडेतीन लाख मिळतील, घर मिळणार नाही. ते घर पुढच्या म्हाताऱ्या माणसाला त्याच साडेतीन लाखांत द्यायचं. ही अट वारसाला मान्य आहे अशी वारसाचीही सही हवी. चोवीसच्या चोवीस करार मार्चअखेर पूर्ण झाले नाहीत तर मंजुरी रद्द, आणि पैसा दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रस्तावाला.

नाना स्वतः सभासद नव्हते. स्वतःच्या नावावर घर असलेल्याला सभासद होता येत नाही, असा नियम त्यांनीच घातला होता, आणि नानांचं आमच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर आहे. नानी आठ वर्षांपूर्वी वारल्या, मुलगा सुरतला. कुणीतरी सुचवलं, "घर मुलाच्या नावावर करा नि आत या." नाना त्या माणसाशी पंधरा दिवस बोलले नाहीत.

तर त्या रविवारी रिकामी राहिलेली चोविसावी शीट वत्सलाक्कांची होती. वत्सलाक्का सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. मूळच्या पाचोऱ्याच्या, पण नोकरीमुळे सगळा जन्म जळगावात गेला. निवृत्तीनंतरही दोन भाड्याच्या खोल्यांत एकट्या राहत. आता घरमालक ते घर पाडून दुकानं काढणार होता, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या एकट्या बाईला नवं घर भाड्यानं द्यायला कुणी तयार नव्हतं. साडेतीन लाख त्यांनी सर्वांच्या आधी भरले होते. अडलं ते मुलाच्या सहीवर. मुलगा पंडित, पाचोऱ्याला बी-बियाण्याचं दुकान. तो सही देत नव्हता.

"वारस म्हणून मुलीचं नाव टाका," मी अक्कांना म्हटलं होतं. "तीन मुली आहेत तुम्हाला."

"त्याले डावलीसन मी घरात पाय टाकू? नई भाऊ. त्याची सही उनी तर बसेन, नाहीतर ऱ्हाऊ दे."

मंडपातून मॅडम गेल्यावर सभासदांत गडबड उडाली. धुडकूआबा म्हणून एक तापट सभासद आहेत, ऐंशीच्या घरातले. ते काठी आपटत म्हणाले, "अरे, यादीत पुढे अकरा जण उभे शेतस! अक्काचे पैसे परत द्या, पुढचा घ्या. एका बाईसाठी तेवीस जण रस्त्यावर बसाडता का?"

खरं सांगतो, माझंही मत तेच होतं. हिशेबानं तेच बरोबर होतं.

नाना शांतपणे म्हणाले, "आबा, पहिलं तिकीट तिचं फाडलं. तिकीट फाडलेला पॅसेंजर मी एकतीस वर्षांत रस्त्यात उतरवला नाही."

"आणि गाडीच निघाली नाही तर?"

"तर माझ्या नावानं बोंबला."

"ते आत्तापासूनच करतो," आबा म्हणाले आणि खरोखर घरापर्यंत बडबडत गेले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही पाचोऱ्याला निघालो. जळगावहून पाचोऱ्याला रेल्वे सरळ आणि स्वस्त. पण नाना रेल्वेत बसत नाहीत. त्यांच्या मते ज्या गाडीत कंडक्टर हाताच्या अंतरावर नाही तिच्यावर भरवसा काय ठेवायचा. एसटीत कंडक्टर मुलगी होती, विशीतली. तिनं नानांचे पांढरे केस पाहिले आणि अर्धं तिकीट दिलं.

"कार्ड बघितलं नाही तुम्ही," नाना म्हणाले.

"असू द्या आजोबा, दिसतंय की."

"काय दिसतंय? केस मी चुन्यानं रंगवले असतील. बघा कार्ड."

तिनं कार्ड बघितलं. मग नानांनी तिला मागच्या बाकावरचे दोघं बिनतिकीट असल्याचं डोळ्यांनी दाखवलं. उतरताना ती मला म्हणाली, "काका, ह्यांना परत येताना दुसऱ्या गाडीत बसवा."

पंडितचं दुकान बाजारात. पंचेचाळिशीचा, मुका वाटावा इतका कमी बोलणारा माणूस. त्यानं दोन स्टुलं पुढे केली आणि पुन्हा पिशव्या लावायला लागला. नानांनी पिशवीतून करार काढला आणि सुरू झाले. दर घरी नऊ लाख, त्यातले साडेतीन आईचे. आईच्या मागे साडेतीन तुला परत. घर बाजारात जाऊ दिलं तर पाच वर्षांत कोणी बारा लाखांना विकेल, मग चोवीस म्हाताऱ्यांच्या जागी चोवीस दलाल राहायला येतील. मीही मध्ये मध्ये आकडे पुरवत होतो. आम्ही दोघांनी मिळून तासभर त्याला पटवलं की आईचं घर न मिळण्यात त्याचं काहीच नुकसान नाही. चहा दोनदा झाला.

पंडितनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"नाना, माले घर नको," तो म्हणाला. "साडेतीन लाखबी नको. ते बहिणींना द्या."

"मग अडतं कोठे?"

"तुम्ही करार वाचेल शे का?"

नानांनी करारावरचं भोक त्याला दाखवलं. "वाचला काय विचारतोस? लिहिला आहे मी."

"मंग कलम अकरा वाचा. मोठ्यानं वाचा."

नानांनी चष्मा लावला. "कोणत्याही घरात रात्री दोनपेक्षा जास्त व्यक्ती मुक्काम करणार नाहीत. सण-समारंभाचा अपवाद नाही."

"माले तीन बहिणी शेतस," पंडित म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "आखाजीले त्या आईकडे येतात. पोरांसगट. भाड्याच्या दोन खोल्यांत दाटीवाटीनं झोपतात, पण येतात. माझ्याकडे या म्हणतो तर म्हणतात, तुझं घर वहिनीचं. आई जठे, माहेर तठे. उद्या तुमच्या संस्थेत तुम्ही त्यांना संध्याकाळी बाहेर काढणार. मी सही करू? माझ्या हातानं बहिणींचं माहेर बंद करू?"

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. दिवाळी कशीबशी चुकली तर चालते, आखाजी चुकत नाही. सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येते, निंबाला झोका बांधते, गाणी म्हणते, आईच्या हातची पुरणपोळी आणि आमरस खाते. पन्नाशीच्या बायकाही येतात. वर्षभर सासरी त्या त्याच चार दिवसांवर जगतात, असं माझी बायको म्हणते, आणि ते माझ्याकडे बघत म्हणते.

नाना स्टुलावर बसून राहिले. करार मांडीवर. कलम अकरा त्यांचंच होतं. बावन्न शीटांच्या गाडीत बावन्नच माणसं, हा त्यांचा जन्माचा हट्ट; तोच त्यांनी घरांना लावला होता. आमच्यापैकी कुणी, मीसुद्धा, त्या कलमाचा विचार केला नव्हता. करार नीट वाचणारा माणूस पाचोऱ्याला बियाणं विकत बसला होता.

"सही आज नको करू," नाना उठत म्हणाले. "आठ दिवस दे."

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. मी पैसे काढले, तिकिटं घेतली, त्यांनी तपासलीही नाहीत. मग एकदम म्हणाले, "अनिल, गाडीत बायकांच्या मांडीवर पोरं असायची. ती मी कधी मोजली नाहीत. मांडीवरच्याला तिकीट नसतं."

एवढंच. मग पुन्हा खिडकीबाहेर.

न्यासाला घरांचा नकाशा बदललेला चालणार नव्हता. बांधकाम एक फूट वाढवायला पैसे नव्हते. नकाशात फाटकाजवळ दहा बाय बाराचं संस्थेचं ऑफिस होतं. ते नानांचं ऑफिस. फाटकाकडे उघडणारी खिडकी त्यांनीच इंजिनियरकडून मागून घेतली होती, कोण आलं कोण गेलं ते बसल्या जागी दिसावं म्हणून. जुन्या बाजारातून टेबल आणून घरी पॉलिश करून ठेवलं होतं. नानींच्या मागे त्या माणसाला रोज सकाळी उठून जायला एक जागा मिळणार होती.

नानांनी नकाशावर पेन्सिलीनं "ऑफिस" खोडलं आणि लिहिलं, "माहेरखोली". त्यातच मोरी काढली. मला म्हणाले, "तुझी कपाटं तुझ्या घरी ठेव. संस्थेला खिडकी लागत नाही."

मॅडमना फोन केला. स्पीकरवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"माहेरखोली म्हणजे गेस्ट रूम का?"

"गेस्ट नाही, ताई. लेकी. आणि सभासदांच्या बहिणी."

"आमच्या फॉर्ममध्ये असा प्रकार नाही हो. ट्रस्टींना काय सांगू? कशासाठी?"

"तुमचं माहेर कुठलं, ताई?"

"सांगली," मॅडम म्हणाल्या.

"कधी गेला होता?"

"नकाशा पाठवा," मॅडम म्हणाल्या. "बघते मी."

महिना संपायला तीन दिवस उरले असताना पुन्हा सगळे मारुतीच्या मंडपात जमले. न्यासाच्या मान्यतेनं कलम अकरा काढून टाकलं होतं. त्या जागी लिहिलं होतं की सभासदाच्या लेकीला किंवा बहिणीला माहेरखोली मिळेल, पाळीपाळीनं, एका वेळी तीन दिवस, वीज-पाण्याचे दिवसाला साठ रुपये सभासदानं भरायचे. पंडित आला होता. त्यानं नवा करार पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उभ्यानं वाचला, आणि नानांकडे हात पुढे केला. नानांना कळेना. "पंच द्या," पंडित म्हणाला. त्यानं स्वतः कोपऱ्यात भोक पाडलं आणि सही केली.

नाना पेन्सिल घेऊन मागून पुढे गेले, पुढून मागे आले. "चोवीस. बठ्ठा बठनात." सगळे बसले म्हणून त्यांनी मंदिराची घंटा दोनदा वाजवली. एसटीत दोन घंटा म्हणजे गाडी सोडा. धुडकूआबा सगळ्यात मोठ्यानं हसले आणि मग बराच वेळ उपरण्यानं डोळे पुसत राहिले. विचारलं तर म्हणाले, "उदबत्तीचा धूर शे." उदबत्ती कुणी लावलीच नव्हती. मॅडमनी या वेळी मंजुरीपत्र पिशवीतून काढलं तेव्हा नानांच्या हातात द्यायच्या आधी त्यांनी त्याची एक झेरॉक्स करून ठेवली होती.

घरं उभी राहायला वर्ष लागलं. मी दर आठवड्याला जायचो, बिलं बघायचो. नाना रोज जायचे, ऊन असो, लू असो. ठेकेदार त्यांना घाबरायचा. सिमेंटच्या गोण्या ते डोक्यांसारख्याच मोजत. मला आज अभिमानानं सांगता येतं की दोन कोटी सोळा लाखांच्या कामात एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, आणि एकही सभासद गळला नाही. वत्सलाक्का चोवीस नंबरच्या घरात राहायला गेल्या.

मग पहिली आखाजी आली. माहेरखोलीसाठी चिठ्ठ्या टाकल्या. ऐन सणाचे तीन दिवस वत्सलाक्कांना निघाले. सगळ्यांना ते रास्त वाटलं.

सणाच्या पाच दिवस आधी नाना माझ्याकडे आले. दारातच उभे राहिले. "बाहेरच्या माणसाला माहेरखोलीचा दर काय?"

"बाहेरच्याला मिळत नाही, नाना. सभासदाची लेक किंवा बहीण, असा नियम आहे."

"माहीत आहे. मी विचारून ठेवलं."

"कोणासाठी हवी होती?"

तेव्हा कळलं की नानांना एक बहीण आहे. यमुना, अडुसष्ट वर्षांची, धुळ्याला. पस्तीस वर्षं शेजारी राहून मी हे नाव ऐकलं नव्हतं. वडील गेल्यावर शेतावरचा हक्क सोडल्याचा कागद करायचा होता. नानांनीच बहिणीला तहसीलला नेलं. "शेत भावांकडे राहिलं तर तुझं माहेर राहील," असं म्हणून तिचा अंगठा घेतला. चार वर्षांत नाना आणि त्यांचा भाऊ, दोघांनी शेत विकलं, गावातलं घरही विकलं. यमुनाबाई एवढंच म्हणाल्या, "मना माहेरले कुलूप लागनं," आणि पुन्हा आल्या नाहीत. जळगावच्या घरी नानींनी बोलावलं, तरी नाही. शेताच्या पैशातून घेतलेल्या घरात त्या पाणीही पिणार नव्हत्या.

"धुळ्याला गाडी चाळीस मिनिटं थांबायची," नाना म्हणाले. "तिचं घर स्टँडपासून दहा मिनिटांवर. एकतीस वर्षं मी स्टँडवर चहा पीत बसलो."

मी म्हटलं, नियम दुरुस्त करायला सभा बोलवावी लागेल, सात दिवसांची नोटीस लागेल. मी तसाच आहे. नाना म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी वत्सलाक्कांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"तुमी हिशोबाचे लोक," अक्का म्हणाल्या. "सभा कसाले? खोली माझ्या नावे शे ना? मग मी ठरवसू कोन येई ते. माझ्या पोरी यंदा पंडितकडे उतरतीन. त्यालेबी बरं वाटी. दिवसा मला भेटायला येतीन. जा, सांगा नानाले, मूळ घेऊन जा म्हणावं."

सासरहून लेकीला आणायला माहेरचं बोलावणं, म्हणजे मूळ, घेऊन जो माणूस जातो, तो मुराळी. बहुतेक तरुण भाऊ नाहीतर पुतण्या असतो. बहात्तराव्या वर्षी नाना मुराळी होऊन धुळ्याला गेले. जाताना कातडी पिशवी घरी ठेवून गेले. मी त्यांना पहिल्यांदा तिच्याशिवाय पाहिलं. एक खांदा वर आणि एक खाली असा माणूस दिसत होता.

बहीण येईल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे दुपारपासून ओट्यावर बसून होतो आणि फाटकाकडे बघत नाही असं दाखवत होतो. चारच्या सुमारास रिक्षा थांबली. आधी नाना उतरले. मग एक ठेंगणी, कृश बाई, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. ती फाटकाबाहेरच थांबली. ओळीनं मांडलेली घरं, ओट्यावरची म्हातारी माणसं, निंबाला बांधलेला झोका, सगळं तिनं पाहून घेतलं.

"हाई कोनं घर शे?" तिनं नानांना विचारलं. "तुनं का?"

"मनं नई," नाना म्हणाले. सगळ्या मंडपांना, सगळ्या गाड्यांना आवाज देणारा माणूस रिक्षाची दांडी धरून उभा राहिला.

वत्सलाक्का तांब्या घेऊन खाली उतरल्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. "मनं शे," त्या म्हणाल्या. "ये, माय. किती उशीर केला. पुरण वाटायचं बाकी शे."

यमुनाबाई आत आल्या. पिशवी माहेरखोलीत ठेवून सरळ अक्कांच्या स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं तिथून दोघींचा आवाज यायला लागला. वेलदोड्यावरून वाद चालला होता. नाना फाटकापाशीच होते. मी म्हटलं, "आत चला." म्हणाले, "थांब जरा." मग आतून यमुनाबाईंची हाक आली, "भाऊ, आंबा कापाले सुरी नई शे का अठे?" आणि नाना जवळजवळ पळत आत गेले.

त्याच आठवड्यात न्यासाचा तिसरा आणि शेवटचा हप्ता, रुपये चव्वेचाळीस लाख, संस्थेच्या खात्यात जमा झाला. आखाजी झाल्यावर मी माहेरखोलीची पहिली पावती फाडली. नाना पैसे घेऊन आले होते. अक्कांनी त्यांचा हात बाजूला सारला. तीन दिवस, दर साठ, एकूण रुपये एकशे ऐंशी. पाहुणीचं नाव यमुनाबाई. सभासदाशी नातं, या रकान्यात अक्कांनी मला ‘बहीण’ असं लिहायला लावलं, आणि मी तेच लिहिलं. देणार वत्सलाबाई, घर क्रमांक चोवीस. घेणार संस्था. रोख मिळाले.